चालता आरंभबिंदू

१

सकाळी साडेसातला मेव्लिदा शाळेचं कुलूप काढायची, चुलीत दोन ओंडके सरकवायची, कॉफीचं पातेलं वर ठेवायची आणि फळ्याकडे पाठ करून बसायची. याच खोलीत तिने एकोणीस वर्षं गणित शिकवलं होतं. लढाईनंतर लिपोवाचमध्ये मुलंच उरली नाहीत, शाळा बंद पडली. आता, २००३ च्या ऑक्टोबरात, सुरुंग काढणाऱ्या तुकडीने ती कचेरी म्हणून घेतली होती. खोली तीच, फळा तोच, गणितही तेच. फक्त आता चूक झाली तर लाल शाईची फुली मारून भागणार नव्हतं.

गावावरच्या आलुबुखाराच्या बागेत एक्केचाळीस सुरुंग पुरलेले होते, आणि ते पुरणाऱ्याने पेन्सिलीने त्यांची नोंद ठेवली होती. झऱ्याजवळच्या दगडी डोणीच्या कोपऱ्यावर तो उभा राहिला असावा. तिथून प्रत्येक सुरुंगाचा उत्तरेपासूनचा कोन आणि अंतर, एवढंच एकेका ओळीत. फौजेच्या पद्धतीने वर्तुळाचे सहा हजार भाग. माणसाचा स्वभाव काटेकोर. सुरुंगांवरही त्याने रंगाने क्रमांक टाकले होते.

पण काढणारी माणसं कोनावर चालत नाहीत. ती दोऱ्या बांधून चौकोनात सरकतात. त्यांना सांगावं लागतं, पूर्वेला किती, उत्तरेला किती. ते मेव्लिदाचं काम. कोन पाचशे, अंतर चाळीस. म्हणजे पूर्वेला वीस मीटर, उत्तरेला चौतीस मीटर चौसष्ट सेंटीमीटर. आधी हाताने करायचं, मग संगणकावर ताडून बघायचं.

"बाई, झाला का गृहपाठ?" तुकडीचा मुकादम ल्युबिंको दारातूनच ओरडायचा. पूर्वी तो सैन्यात सुरुंगांच्याच कामावर होता. मान बैलासारखी, उजव्या हाताला दोन बोटं कमी.

"झाला. तुम्ही पाय पुसून आत या."

"हे बघा, हिच्या आकड्यावर जीव ठेवतो आपण, आणि हिला पायपुसण्याची काळजी!"

सगळे हसायचे. सगळ्यांत जास्त हसायचा रागिब. चौतिशीचा, दोन मुलींचा बाप, तिचाच जुना विद्यार्थी. गणितात तो कायम नापास. "तुमच्यामुळे मी शेवटी भूमितीवर पोट भरतोय, बाई," असं तो रोज म्हणायचा, आणि रोज तिला हसू यायचं.

सोमवारपर्यंत चौदा सुरुंग निघाले. चौदाही तिने सांगितलेल्या जागेवर, वीतभराचाही फरक नाही.

२

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी खिडकीच्या काचा थरथरल्या.

मेव्लिदा धावत बागेत पोचली तेव्हा ब्लाझ, तुकडीतला सगळ्यांत अबोल माणूस, रागिबच्या मांडीवर पट्टा आवळत होता. आवळायला फारसं काही उरलं नव्हतं. गुडघ्याखाली लाल चिंध्या, त्यात पांढरं काहीतरी. बूट वर, फांदीत अडकला होता, आणि त्यातून थेंब पडत होते, पिकल्या फळांवर, आवाज करत.

रागिब शुद्धीवर होता. त्याने तिला ओळखलं.

"बाई, मी दोरीच्या आतच होतो," तो म्हणाला. "तुमच्या आकड्यांत मोकळी होती तिथेच पाय ठेवला."

"बोलू नकोस रे."

"पुन्हा एकदा करून बघा ना. कुठे चुकलंय ते."

गाडी रस्त्याला लागेपर्यंत तो गेला. तिच्या मांडीवर डोकं होतं. तोंडातून आलेलं रक्त तिच्या कोपरापर्यंत वाहून घट्ट झालं, तरी तिने हात काढला नाही.

३

नखांतलं रक्त न धुताच ती दुपारी टेबलाशी बसली. चूक सापडावी अशी तिची इच्छा होती. चूक सापडली असती तर निदान गुन्हेगार कोण हे कळलं असतं.

सगळी नोंद तिने पुन्हा सोडवली. चूक नव्हती.

त्या दिवशी बागेत आणखी तीन सुरुंग सापडले होते, तेही भलत्याच जागी. मग तिने उलटं गणित मांडलं. सुरुंग खरोखर सापडला ती जागा घ्यायची, त्यातून नोंदीतलं पूर्व-उत्तर वजा करायचं, म्हणजे मोजणारा माणूस कुठे उभा होता ते निघतं. पहिल्या चौदांच्या बाबतीत उत्तर येत होतं डोणीचा कोपरा. मंगळवारच्या तिन्हींचं, आणि रागिबच्या खड्ड्याचं, ज्यातल्या तुकड्यावरचा क्रमांक अजून वाचता येत होता, उत्तर वेगळं आलं. पण चारींचं एकच. डोणीपासून नऊ मीटर पूर्वेला, बारा मीटर दक्षिणेला. सरळ रेषेत पंधरा मीटर.

चूक असती तर चार वेळा चार प्रकारची आली असती.

"म्हणजे तो पठ्ठ्या जागा बदलून उभा राहिला," ल्युबिंको म्हणाला. त्याच्या तोंडाला आलुबुखाराच्या दारूचा वास येत होता. "होतं असं. गोळीबार चालू असेल, सरकला असेल."

"मग उरलेले सगळे याच नव्या जागेवरून असायला हवेत. आणि तसं धरलं तर त्यांतले सहा तुम्ही गेल्या आठवड्यात साफ केलेल्या पट्टीत पडतात."

ल्युबिंकोने टेबलावर मूठ आपटली. कॉफीचा पेला लवंडला. "ती पट्टी मी स्वतः पोटावर सरकून तपासली आहे! तिथे चमचा पुरला असता तर तोही काढला असता मी!"

"उद्या पुन्हा सरका."

बुधवारी तो सरकला. सहाही तिथेच निघाले. पण तो परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने मातीचं एक ढेकूळ टेबलावर ठेवलं. ढेकळातून गवताची मुळं आरपार गेली होती, जाड, एकमेकांत गुंतलेली.

"सुरुंगावरची माती आहे," तो म्हणाला. "दहा वर्षांची मुळं आहेत ही, बाई. कोणी आता येऊन पुरलेलं नाही."

"मग वरच्या कचेरीला कळवा. काम थांबवा."

"काय कळवू? मी साफ केलेल्या जमिनीत सुरुंग उगवले?"

४

गुरुवारी आठ निघाले. त्यांवरून मोजणाऱ्याची जागा पुन्हा सरकलेली आली. आणि ती एक राहिली नव्हती; सकाळच्या सुरुंगांची वेगळी, दुपारच्यांची वेगळी. मेव्लिदाने सगळ्या जागा नकाशावर मांडून पेन्सिलीने जोडल्या, आणि जोडता जोडता तिचा हात थांबला.

रेघ सरळ नव्हती. डोणीपासून निघून ती बागेचा उतार उतरत होती. मध्ये ओस पडलेल्या घराची विहीर होती. रेघ विहिरीवरून जात नव्हती, तिला वळसा घालून जात होती. पुढे कुंपण होतं. तिथे रेघ फाटकापर्यंत बाजूला सरकून फाटकातूनच बाहेर पडत होती.

आकड्यांना विहीर ठाऊक नसते. फाटक तर नाहीच नाही. विहीर चुकवतो तो चालणारा माणूस.

तिने स्वतःला समजावलं. चार बिंदू जोडले की कुठलाही आकार निघतो. आकाशात लोकांना अस्वल दिसतं ते असंच. मुलांना ती हेच सांगायची. पण शेवटची खूण रस्त्यावर पडली होती, आणि रस्ता शाळेकडे येत होता.

बाहेर आरडाओरडा झाला म्हणून ती खिडकीशी गेली. ब्लाझने हेल्मेट जमिनीवर फेकलं होतं.

"मी उद्या येणार नाही," तो म्हणत होता. "ही जमीन खोटं बोलते."

"रागिबच्या बायकोला जाऊन हे सांग!" ल्युबिंको म्हणाला.

"तूच सांग. पट्टी तू साफ केली होतीस."

ल्युबिंकोने त्याची कॉलर धरली आणि कपाळ त्याच्या नाकावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला. ब्लाझ खाली पडला तरी तो लाथा घालत राहिला, बरगड्यांत, पाठीत, दोघांनी मागून ओढेपर्यंत. मग तो तिथेच मातीत बसला आणि रडायला लागला.

मेव्लिदाने ल्युबिंकोला आत आणून पाणी दिलं. नकाशा टेबलावर उघडाच होता. त्याने रेघ पाहिली आणि तिच्यावरून डोणीपर्यंत बोट मागे नेलं.

"ही नोंद विदोयेची आहे," तो शेवटी म्हणाला. "अक्षर मी पहिल्याच दिवशी ओळखलं."

"आणि बोलला नाहीत?"

"मोजायला दोघं लागतात, बाई. एक होकायंत्र घेऊन मध्ये उभा राहतो. दुसरा टेपचं टोक धरून चालतो. चालायचो मी." त्याने पेला खाली ठेवला. "शेवटच्या दिवशी तोफा सुरू झाल्या. मी टेप सोडली आणि पळालो. तो मध्येच उभा होता, डोळा होकायंत्राला लावून. त्याला हाकसुद्धा मारली नाही मी. मागे वळून पाहिलं तेव्हा तो टेप ओढून बघत होता. हिसके देत होता, मी दुसऱ्या टोकाला आहे का ते कळावं म्हणून."

"मग काय झालं त्याचं?"

"मग मी मागे पाहिलं नाही."

५

शुक्रवारी सगळे आले. ब्लाझही आला, नाकाला पट्टी बांधून. घरी बसून भीती जास्त वाटते, एवढंच म्हणाला.

सकाळी शाळेच्या फाटकाबाहेर, रोज गाडी जायची त्या चाकोरीत, दोन सुरुंग सापडले. क्रमांक नऊ आणि तेहेतीस. ते निकामी करून चौघे अंगणात जेवायला बसले. ऊन छान पडलं होतं. पाव तोडल्याचा, डब्यांच्या झाकणांचा आवाज येत होता, आणि ल्युबिंको कोणाला तरी कांदा मागत होता.

मेव्लिदाने नऊचा हिशोब केला, मग तेहेतीसचा. दोन्हींचं उत्तर एक आलं. नकाशावर खूण करायला ती वाकली. खूण शाळेच्या चौकटीच्या आत पडली. शाळेच्या आराखड्यावर तिने तीच जागा मोजली. मुख्य खोली. दक्षिणेच्या खिडकीपासून दोन मीटर. टेबल आणि चूल यांच्या मध्ये.

ती मान वर करायला धजली नाही.

तेवढ्यात तिला जाणवलं की गुडघ्यांना लागणारी चुलीची धग बंद झाली आहे. चूल तर भडकलेली होती. लाकडं तडतडत होती. पण धग येत नव्हती. मध्ये कोणी येऊन उभं राहिलं की जशी अडते, तशी अडली होती. तिच्या समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, जमिनीच्या फळ्या किंचित करकरल्या आणि दबलेल्याच राहिल्या.

मेव्लिदा ओरडली नाही. एकोणीस वर्षं मुलांना शिकवलेलं तिला आठवलं: आरंभबिंदूवर अंतर शून्य असतं, म्हणून तिथे कोनाला अर्थ नसतो, तिथून सगळ्याच दिशा सारख्या. आणि मग तिचं डोकं लख्ख झालं. सात सुरुंग उरले होते. तो इथे उभा असेल, तर ते सातही इथूनच मोजायचे.

तिची पेन्सिल कागद फाडत धावली. सातांपैकी तीन मागच्या शेतात. चार अंगणात. त्यांतला एक पूर्वेला सहा, दक्षिणेला आठ. म्हणजे दहा मीटरवर, पंपाच्या अलीकडे.

"हलू नका!" ती किंचाळली. "कोणीही जागचं हलू नका! अंगणात आहेत!"

चौघांनी खिडकीकडे पाहिलं. ब्लाझ बसल्या जागी गोठला. ल्युबिंको मात्र पंपाशी हात धूत उभा होता.

"बाई, या अंगणात मी रोज मुततो," तो म्हणाला. "डोकं शांत करा. थांबा, मी आत येतो."

"ल्युबिंको, नको! तो इथे आहे! इथे, खोलीत उभा आहे!"

हे ऐकून ल्युबिंकोचा चेहरा उतरला. तिच्या मागे, खोलीच्या आत, त्याची नजर कशावर तरी खिळली. तोंड उघडलं. हाक मारायला उघडावं तसं. आणि त्याने एक पाऊल पुढे टाकलं.

काचा आत आल्या. मेव्लिदा टेबलाखाली फेकली गेली. उठली तेव्हा कपाळातून रक्त डोळ्यांत येत होतं. पंपाजवळ काळा खड्डा होता. ल्युबिंकोचा अर्धा भाग पंपाच्या दांड्यावर ओणवा पडला होता आणि दांडा त्याच्या वजनाने हळूहळू खाली जात होता. नळातून पाणी आलं. उरलेला अर्धा भाग भिंतीवर होता.

तिघे जिवंत होते. एकाच्या कानांतून रक्त येत होतं आणि तो उठून पळायच्या बेतात होता.

कोणालाही बाहेर काढायचं तर सुरुंगांच्या दिशा अचूक हव्या होत्या. आणि मोजणारा जिथे उभा आहे तिथे उभं राहिल्याशिवाय कोन खरा येत नाही. मेव्लिदाने टेबलावरचं होकायंत्र उचललं, डोळे मिटले आणि टेबल व चुलीच्या मधल्या त्या जागेत पाय ठेवला.

विहिरीत उतरावं तसा गारवा अंगाला लागला. ओल्या लोकरीचा वास आला. तिच्या कानामागे कोणीतरी शांतपणे श्वास घेत होतं. ती मागे वळली नाही.

"ब्लाझ! डावीकडे दोन पावलं. तशीच. आता फाटकाकडे तोंड कर. सरळ चार. थांब! उजवीकडे एक."

असे तिघेही रस्त्यावर गेले. एकेक पाऊल, एकेक आकडा.

"बाई, आता तुम्ही या!" ब्लाझ ओरडला.

ती जागची हलली नाही. ती निघाली तर तिला दिशा सांगायला आत कोण उरणार होतं?

तेव्हा तिच्या डाव्या तळहातात कोणीतरी एक लोखंडी कडी ठेवली आणि तिची बोटं त्यावर मिटवली. तिने खाली पाहिलं. फक्त हात दिसला. पेन्सिलीने काळी झालेली बोटं, नखांत माती. त्याच्या वर तिने पाहिलं नाही.

कडीला जोडलेल्या टेपला एक हलका हिसका बसला. मग दुसरा. चल, म्हणून सांगावं तसा.

मेव्लिदा चालू लागली. दार, पायरी, अंगण. जिथे धोका होता तिथे टेप मागून ताणली जाई. ती थांबे, वळे, आणि टेप पुन्हा सैल पडे. पंपाशेजारून जाताना तिने ल्युबिंकोकडे पाहिलं नाही. रस्त्यावर पोचताच तिने मूठ उघडली. ब्लाझने नंतर शपथेवर सांगितलं की तिच्या हातात काहीच नव्हतं. तिला मात्र कडी खडीवर पडल्याचा आवाज आला. मोजणी संपली की टेप गुंडाळून घेतात. ती कडी कोणी मागे ओढून घेतली नाही.

६

शहरातून यंत्र आलं. त्याने अंगण नांगरलं, मागचं शेत नांगरलं, शाळाही अर्धी पाडली. तीन सुरुंग मिळाले. उरलेले तीन मिळालेच नाहीत. नोंदच चुकीची होती असा शेरा मारून कागद मिटवले गेले.

मेव्लिदा तुझ्लाला धाकट्या बहिणीकडे, सेनियाकडे, राहायला गेली. चौथा मजला. खाली सिमेंट, माती नावालाही नाही. पहिले आठ दिवस ती नुसती झोपली. नवव्या दिवशी खिडकीशी खुर्चीत बसली असताना तिच्या पाठीला लागणारं ऊन अचानक बंद झालं. आकाशात ढग नव्हता.

तिने बहिणीला कागद मागितला. उरलेल्या तीन ओळी तिला पाठ होत्या.

तेव्हापासून ती खुर्चीत बसली की सेनिया तिच्याजवळ सरळ येत नसे. दारात थांबायची. मेव्लिदा मनाशी आकडे जुळवायची, मग म्हणायची, "ये, भिंतीकडून ये. गालिच्यावर नको." सेनिया कॉफीचा ट्रे घेऊन भिंतीला घासत, कपाटामागून यायची. डॉक्टर म्हणाले होते, काही दिवस तिच्या कलाने घ्या.

सेनियाचा नवरा निहाद चांगला माणूस होता. त्याने सव्वा महिना काढला. एका रविवारी सकाळी, ताज्या भाजलेल्या पावाचा वास घरभर सुटलेला असताना, तो दारात उभा राहिला. पायात नुसते मोजे.

"ताई, आज हा खेळ संपवायचा," तो प्रेमाने म्हणाला. "हे बघा, मी सरळ तुमच्यापर्यंत चालत येतो, तुमचा हात धरतो, आणि आपण दोघं टेबलावर जेवायला जातो. बरं?"

"निहाद, तिथेच थांब."

"चार पावलं आहेत फक्त."

"निहाद, पाया पडते तुझ्या. मला मोजू दे. एकच मिनिट."

"मोजणंच तर बंद करायचंय," तो हसून म्हणाला, आणि चालू लागला.

पहिलं पाऊल. दुसरं. तिसरं पाऊल त्याने गालिच्याच्या मधोमध टाकलं. गालिचा त्याच्या पायाखाली दबला, पावसाने भिजलेल्या मातीसारखा, चांगला बोटभर. निहाद थांबला. हसू अजून तोंडावरच होतं. त्याने मान खाली घालून पाहिलं.